मेंदूज्वरानंतरचे ४९ दिवस

दि. ३१ जुलै २०२२ रोजी माझ्या धाकट्या बंधूंना रुग्णालयातून घरी सोडण्यात आले. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा होता. २७ दिवसांपूर्वी ज्यांना बेशुद्धावस्थेत अतिदक्षता विभागात नेले होते ते डोळे उघडे ठेवून, चाकांच्या खुर्चीत बसून घरी आले, याचा आनंदच एवढा होता की पुढे काय करायचे याविषयी त्या कार्डावर अवघ्या तीन ओळी आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. औषधे वेळेवर घ्यावीत, फिजिओथेरपी चालू ठेवावी, पंधरा दिवसांनी दाखवावे. उभे आयुष्य बँकेत कागद वाचण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याच्याही ते लक्षात आले नाही. त्यानंतरचे ११ दिवस आमच्या नेरूळच्या घराने जे पाहिले ते दुसऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

बंधू तेव्हा ५६ वर्षांचे होते. वाशीच्या दाणाबाजारात त्यांचा कडधान्याचा गाळा आहे. जुलैच्या आरंभी त्यांना ताप आला. पावसाळ्यातला ताप म्हणून मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या झाल्या. त्यांत काही निघाले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि भेटायला आलेल्या माथाडी कामगाराला आमच्या दिवंगत वडिलांच्या नावाने हाक मारली. घरातले हसले. त्याच रात्री त्यांना आकडी आली. एमआरआय झाला, पाठीच्या कण्यातले पाणी तपासले गेले आणि निदान झाले : हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे झालेला मेंदूज्वर. ज्या विषाणूमुळे अनेकांच्या ओठांवर तापानंतर फोड उठतात तोच हा विषाणू. क्वचित कोणाच्या बाबतीत तो मेंदूत शिरतो आणि कानशिलामागच्या भागावर घाला घालतो. भाषा, स्मरण आणि भावनांचा तोल यांचा कारभार तेथूनच चालतो. असायक्लोविर हे औषध शिरेतून २ ते ३ आठवडे द्यावे लागते. ते न मिळाल्यास १० पैकी सुमारे ७ रुग्ण दगावतात. औषध जितके लवकर सुरू होईल तितकी मेंदूची हानी कमी. तेव्हा तापाबरोबर माणूस विसंगत बोलू-वागू लागला तर हसू नये आणि सकाळची वाटही पाहू नये.

विषाणूजन्य मेंदूज्वर महाराष्ट्राला नवा नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, एक नवा विषाणू सापडला आणि त्या गावाचेच नाव त्याला मिळाले. वाळूमाशीतून पसरणाऱ्या या विषाणूने २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि आपल्या विदर्भात, तर २०२४ मध्ये गुजरातेत बालकांचे बळी घेतले. डासांतून येणारा जपानी मेंदूज्वरही विदर्भाच्या काही जिल्ह्यांना परिचित आहे. त्यातून वाचलेल्यांपैकी २० ते ३० टक्के रुग्णांत बुद्धी, वर्तन किंवा हालचालींचे कायमचे दोष राहतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साथीच्या बातम्यांत आपण मृतांचा आकडा वाचतो. वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हे कोणी छापत नाही.

आता त्या ११ दिवसांविषयी. बंधू पाणी पिताना ठसकत. आम्हांला वाटले, घाई करतात. रात्री ते उठून दाराची कडी काढत आणि ‘घरी जायचंय’ म्हणत. भावजयीला ओळखत, पण तिचे नाव त्यांना सापडत नसे. नातेवाईक भेटीस येत आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी : “ओळखलंस का मला?” ते काहीतरी नाव घेत, चुकत, समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहून संतापत. ज्या घरात कधी कोणी आवाज चढवला नव्हता, त्या घरात नवव्या दिवशी त्यांनी ताट भिरकावले आणि भावजयीवर हात उगारला. तो तिला लागला. ती मला एवढेच म्हणाली, “दादा, हे ते नाहीत.” ब्युरोतून आणलेला मदतनीस दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेला. फिजिओथेरपिस्ट रोज पाऊण तास येत आणि पाय चालवून घेत; पण अडचण केवळ पायांची नव्हती. अकराव्या दिवशी पुन्हा ताप आला. छातीत कफ झाला होता, कारण अन्नपाण्याचे कण श्वासनलिकेत उतरत होते.

तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरांनी ‘निवासी पुनर्वसन’ हा शब्द उच्चारला. पुनर्वसन म्हटले की मला धरणग्रस्त आठवत. रुग्णाचेही पुनर्वसन असते, त्यासाठी वेगळे वैद्यकशास्त्र आहे, आणि मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करीत आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. आमच्या सीवूड्स-नेरूळ परिसरातही अशी निवासी केंद्रे आहेत. छातीचा संसर्ग आटोक्यात येताच त्यांपैकी एका केंद्रात आम्ही बंधूंना दाखल केले. तेथे ते ४९ दिवस राहिले.

घरी उपचारतज्ज्ञ बोलावणे आणि रुग्णाला दाखल करणे यांत फरक काय, असे मीही विचारले होते. फरक असा की घरी येणारा प्रत्येक जण आपापले काम करून निघून जातो. केंद्रात पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा व गिळण्याचे तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ एकाच रुग्णासाठी दर आठवड्याला एकत्र बसतात. सकाळी वाचातज्ज्ञाने शिकवलेला शब्द दुपारी परिचारिका जेवताना वापरून घेते. रात्रीच्या अस्वस्थतेची नोंद सकाळी डॉक्टरांपुढे येते. दिवसाला ३ ते ४ तास उपचार आणि त्यांच्या मध्ये सक्तीची विश्रांती, कारण जखमी मेंदू लवकर थकतो.

पहिल्या दिवशी त्यांनी बंधूंचे मूल्यमापन केले. जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे. तिच्यात जेवणे, आंघोळ, कपडे, जिना, बोलणे समजणे, स्मरण अशा १८ बाबींना प्रत्येकी १ ते ७ गुण असतात. म्हणजे कमीत कमी १८ आणि अधिकात अधिक १२६. बंधूंना ५२ मिळाले. आकड्यांशी जन्मभर संबंध आलेल्या मला त्या कागदाने प्रथमच धीर दिला. त्या दिवसापर्यंत ‘बरे वाटतेय का?’ या प्रश्नाला कोणाकडेच धड उत्तर नव्हते. आता निदान खात्याची आरंभीची शिल्लक तरी समजली.

पुढचे काम गिळण्याचे. चमचाभर पाणी देऊन, मान आणि आवाज तपासून, निष्कर्ष निघाला की पातळ पदार्थ धोक्याचे आहेत. पाणीसुद्धा पावडर मिसळून दाट करून, ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, चमच्याचमच्याने द्यायचे. येथे आपल्या घरांतील एक प्रश्न उभा राहिला. बंधूंचा रात्रिभोजनाचा त्याग तरुणपणापासूनचा. आहारतज्ज्ञांनी विनातक्रार वेळापत्रक बदलले आणि सूर्यास्तापूर्वी दिवसाचा सारा आहार बसवला. कंदमुळे वगळून दाट सूप कशाचे करायचे याची यादी भावजयीने दिली, तीही त्यांनी स्वीकारली. मात्र रात्री ९ ची आकडीची गोळी टाळता येणार नव्हती आणि ती दाट पाण्याबरोबरच द्यावी लागे. अशा वेळी नियमाचे काय करावे हे ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. आमच्या घरी गोळी द्यायची असे एकमताने ठरले. वाचकांना सांगायचे ते एवढेच की हे प्रश्न दाखल करतानाच मोकळेपणाने मांडावेत. आपण संकोचतो, आणि मग घरून चोरून आणलेले पातळ ताक रुग्णाच्या फुप्फुसात जाते.

तिसऱ्या दिवशी एक घटना घडली. बंधूंना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते. भावजयीने सवयीने णमोकार मंत्र सुरू केला आणि त्यांनी तो अडखळल्याविना शेवटपर्यंत म्हटला. भावजय रडू लागली. वाचा परत आली, असे आम्ही सर्वांना फोन करून कळवलेही! वाचातज्ज्ञ मुलीने आम्हांला शेजारी बसवून समजावले. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना, अंक, वारांची नावे या साखळ्या मेंदूत वेगळ्या वाटेने साठतात. भाषेचे केंद्र दुखावले तरी त्या बहुधा शाबूत राहतात. मनातला विचार शब्दांत मांडणे ही निराळी क्रिया आहे. मी खट्टू झालो, ती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक सत्राचा आरंभ तिने त्या मंत्राने केला. त्याने श्वास लागतो, आवाज मोकळा होतो, रुग्ण शांत होतो, असे ती म्हणे. ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्यांच्या अशक्त उजव्या हाताच्या बोटांसाठी जपमाळच वापरली : १०८ मणी, एकेक करून पुढे.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटली. बंधू कुलूप, खुर्ची, तराजू यांची नावे सांगू लागले, पण वांगे, गाय, आंबा यांची सांगेनात. या रोगातून उठलेल्या काही रुग्णांत निर्जीव वस्तूंचे ज्ञान टिकते आणि सजीवांचे व खाद्यपदार्थांचे पुसट होते, हे वॉरिंग्टन आणि शॅलिस या संशोधकांनी १९८४ मध्येच नोंदवले आहे. ज्याने ३० वर्षे तूर, मूग, मसूर चिमटीत घेऊन डोळे मिटून भाव सांगितला, त्याला समोरच्या वाटीत काय आहे हे सांगता येत नव्हते. वाचातज्ज्ञ मुलीने पुतण्याकडून गाळ्यातली सात कडधान्ये मागवली. बोटांना स्पर्श, मग वास, मग शब्द.

शब्द विचारायचा नाही, सांगायचा, हा तेथला कडक नियम होता. ज्याची स्मरणशक्ती क्षीण झाली आहे त्याला चूक करू दिली तर चूकच पक्की होते, कारण आपण चुकलो हेही त्याला आठवत नाही. म्हणून “ओळखलंस का?” हा प्रश्न बंद. आत शिरताना म्हणायचे, “मी अण्णा, तुझा थोरला भाऊ.” हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर त्या ११ दिवसांतले निम्मे संताप टळले असते. भेटीस येणाऱ्या मंडळींनी हे वाक्य अवश्य लक्षात ठेवावे.

याच संदर्भात इंग्लंडमधील संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांची हकिकत मी वाचली. मार्च १९८५ मध्ये त्यांना हाच मेंदूज्वर झाला. जीव वाचला, परंतु नवी स्मृती काही सेकंदांपलीकडे टिकेना. पियानो वाजवता येई, पत्नी ओळखू येई. बाकी प्रत्येक क्षण पहिलाच. त्या प्रगत देशातही अशा रुग्णासाठी योग्य जागा नव्हती. सुमारे ७ वर्षे ते लंडनच्या एका रुग्णालयातच राहिले आणि १९९२ मध्ये मेंदूला इजा झालेल्यांसाठी असलेल्या एका छोट्या निवासी केंद्रात गेले. तेथे ते पुष्कळ शांत झाले. त्यांची स्मृती परत आली नाही. पुनर्वसनाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे मला त्यांच्या पत्नी डेबोरा यांच्या लेखनाविषयी वाचून समजले.

काय मागू नये, याविषयी थोडे परखड लिहितो. या काळात आमच्या फोनवर ‘मूलपेशी उपचाराने मेंदू पूर्ववत’ अशा जाहिराती नातेवाइकांनी सद्भावनेने पाठवल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही मान्यताप्राप्त आजार वगळता मूलपेशींचा वापर हे संशोधन समजले जाते. तो नोंदणीकृत चाचणीतच करावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असा नियम आहे. घर गहाण ठेवण्यापूर्वी हा नियम वाचावा. दुसरी सूचना : या मेंदूज्वरातून सावरणारा रुग्ण काही आठवड्यांनी अचानक पुन्हा भ्रमिष्ट झाला, तर ‘दुखणे उलटले’ म्हणून घरी बसू नये. विषाणू गेल्यावरही काहींची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

आता पैसा. ४९ दिवसांचा खर्च सुमारे ४ लाख १२ हजार रुपये झाला. रुग्णालयाचे बिल विमा कंपनीने दिले होते. पुनर्वसनाचा दावा एका ओळीत फेटाळला : ‘अपवर्जन क्रमांक ५’. विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवर्जनांची भाषा सर्व कंपन्यांसाठी समान केली. त्यांत पाचव्या क्रमांकाचे शीर्षक विश्रांती, पुनर्वसन आणि विसावा-सेवा असे आहे. बहुतेक लोक शीर्षक वाचून थांबतात. मी मजकूर वाचला. तो असा आहे की जेथे दाखल करण्याचे मुख्य कारण उपचार नसून सक्तीची विश्रांती आहे, तो खर्च मिळणार नाही; त्यात आंघोळ, कपडे यांसाठीची निव्वळ देखभाल येते. बंधूंना दिवसाला ३ ते ४ तास उपचार चालू होते. मी डॉक्टरांकडून दाखल करण्याच्या आवश्यकतेचे पत्र, रोजच्या उपचारांच्या नोंदी आणि ५२ गुणांचा तो कागद जोडून कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज केला आणि दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जाईन असे नम्रपणे नमूद केले. औषधे, तपासण्या व उपचारतज्ज्ञांचे शुल्क मंजूर झाले. खोलीभाडे आणि मदतनीसाचे पैसे मिळाले नाहीत. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीतील कलम ८०डीडीबीच्या यादीत, ४० टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित असल्यास, ‘अफेझिया’ म्हणजे वाचाघात तेव्हा स्पष्टपणे नमूद होता. त्या वर्षीच्या विवरणपत्रात पुतण्याला ती वजावट मिळाली.

खरा पेच चालू खात्याचा होता. गाळा बंधूंच्या एकट्याच्या नावावर, सही बदललेली, व्यापाऱ्यांची देणी थकलेली. बँकेने धनादेश परत केले, आणि बँकेचे बरोबरच होते. नोकरीत असताना अशाच एका बाईंना मी काउंटरवरून नियमावर बोट ठेवून परत पाठवले होते. त्यांचा चेहरा मला तेव्हा आठवला. ज्याला सही करता येत नाही पण व्यवहार कळतो, त्याचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी, घेता येतो. ज्याला व्यवहारच कळत नाही त्याच्यासाठी अंगठा उपयोगाचा नाही, आणि साधे मुखत्यारपत्रही त्या अवस्थेत कायद्याने टिकत नाही. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. आमच्या सुदैवाने त्यांचे बचत खाते भावजयीबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे होते. घर आणि केंद्राचे बिल त्यावर चालले. व्यापाऱ्यांनी तीन महिने दम धरला. वाचकांनी आपली खाती, विशेषतः एकट्याच्या मालकीच्या पेढीची, या महिन्यातच तपासून घ्यावीत.

दशलक्षण पर्व त्या वर्षी ३१ ऑगस्टला सुरू झाले, तेव्हा आम्ही केंद्रातच होतो. भेटीस येणारे म्हणत, असातावेदनीय कर्माचा उदय आहे, सोसल्यावाचून गत्यंतर नाही. सिद्धान्ताशी माझा वाद नाही. पण तोच सिद्धान्त पुरुषार्थालाही स्थान देतो, आणि रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, ही सहा अंतरंग तपांत मोजतो. भावजयीने त्या वर्षी उपवास केले नाहीत. बंधूंना सहाय्याविना शर्टाची बटणे लावता यावीत म्हणून ती रोज ४० मिनिटे त्यांच्यासमोर गप्प बसे, कारण मदत करायची नाही असा नियम होता. ते पाहणेही मला जड जाई. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागितली. बंधूंनीही हात जोडले. ताट भिरकावल्याचे, हात उगारल्याचे त्यांना काहीच आठवत नव्हते आणि कोणी आठवण करून दिली नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस घरी परतताना गुण ५२ वरून ९७ झाले होते. शेवटच्या आठवड्यात पुतण्या आणि भावजय यांनाच प्रशिक्षण दिले गेले आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टने घरी येऊन कपाटांवर चित्रे, न्हाणीघरात आधाराचा दांडा, दाराला वरची कडी असे बदल सुचवले. या वेळच्या डिस्चार्ज कार्डाबरोबर चार पानी सूचना होत्या.

आज बंधू सकाळी १० ते १ गाळ्यावर बसतात. खिशात वही असते. कोण आले, काय बोलले, ते लगेच लिहितात. जेवलो की नाही हे ते वही पाहून सांगतात. हिशेब पुतण्या पाहतो. तूर आणि हरभरा ते आता नावाने ओळखतात. मसुराला अजूनही ‘लाल’ म्हणतात आणि जुनी गिऱ्हाइके त्यांच्याकडे ‘लाल’च मागतात. राग पूर्वीपेक्षा लवकर येतो, लवकर जातो. आकडीची गोळी चालूच राहणार आहे.

विमा कंपनीला केलेल्या अर्जाचा मसुदा आणि केंद्रात दाखल करताना विचारावयाच्या प्रश्नांची यादी मी जपून ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी संपादकांमार्फत कळवावे, प्रत पाठवीन.